सातवा गडी

सामना सुरू व्हायच्या आधी रेफरीने प्रत्येक खेळाडूच्या बुटांचे तळवे बघायचे असतात. खिळा वर आलेला नाही ना, तुटून धार आलेली नाही ना, एवढंच. खेळाडू रांगेत उभे राहतात आणि रेफरी समोर आला की नाइलाज झाल्यासारखा एकेक पाय वर करतात. तो मात्र सांगायच्या आधीच वळायचा, माझ्याकडे पाठ करायचा आणि घोडा नालबंदाला पाय देतो तसा एकेक पाय मागे उचलून दाखवायचा. दुसरा पाय खाली ठेवला की मान वळवून म्हणायचा, "मोजून घ्या सर, भरतेत."

भरतेत म्हणजे सात भरतात. फुटबॉलच्या संघात अकरा गडी असतात हे तुम्हाला माहीत असेल. पण कमीत कमी सात असले तरी सामना खेळवता येतो आणि सहा झाले की खेळवता येत नाही, हे खेळणाऱ्यांनाही पुष्कळदा माहीत नसतं. माहीत असायचं कारणच नाही. शहरातले संघ अकरा उभे करून वर पाच-सहा बाकावर बसवतात. हा नियम मला पाठ झाला तो त्याच्या संघामुळे.

त्याला मी नावाने कधी हाक मारली नाही. रेफरीला नंबर पुरतो. पंचवीस-सव्वीस वर्षं तो माझ्या वहीत दोन नंबर होता, उजव्या बाजूचा बॅक. इथेही मी त्याचं नाव लिहीत नाही. कुणी वाचून दाखवलं तर तो म्हणेल, "सर, माझंच कामून लिवलंव? बाकी सहा कुठं गेले?"

मी परभणीतल्या एका शाळेत पीटीचा मास्तर होतो. आता निवृत्त आहे, पण जिल्ह्यात शिट्टी वाजवायला दुसरं कुणी मिळत नाही म्हणून अजून मैदानावर जातो. गुडघे कुरकुरतात. निम्म्या मैदानावरून मी ऑफसाइड देतो आणि तरणी पोरं तोंडावर हसतात. हसू देत. त्यांच्यापैकी एकाला शिट्टी घे म्हटलं तर कुणी पुढे येत नाही.

त्याचं गाव पेडगावच्या पुढे, सडकेपासून आत आहे. आजूबाजूची सगळी गावं कबड्डी खेळायची, व्हॉलीबॉल खेळायची, आता सगळी क्रिकेट खेळतात. हे एकच गाव फुटबॉल खेळतं. हैदराबादेत पलटणीत असलेला कुणी जमादार निजामाच्या काळात पेन्शनीवर येताना चेंडू घेऊन आला, असं तिथले म्हातारे सांगतात. जमादाराचं नाव कुणाला ठाऊक नाही, चेंडू मात्र टिकला. शेजारची गावं त्यांना लाथाडे म्हणतात. सोयरीक जमवताना सुद्धा, "लाथाड्यांत देताव का पोरगी?" असं विचारतात.

पावसाळ्यात ह्या गावाला जिल्ह्यात तोड नाही. तेव्हा गावात अठरा-वीस चांगले खेळणारे असतात. पण दिवाळी झाली की अर्धं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जातं, कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतं. जिल्ह्याची स्पर्धा असते जानेवारीत, कारण शहरातल्या मंडळींना थंडीत खेळायला बरं वाटतं. तारखा ठरवायच्या बैठकीला मीही असायचो. चहा प्यायचो, सही करायचो आणि घरी यायचो. तारीख बदला, असं मी एकदाही म्हटलं नाही. तेव्हा सुचलं नाही म्हणावं तर ते खरं नाही. सुचलं होतं, पण बोललो नाही.

स्पर्धेचा एक जुना नियम आहे. ज्या वर्षी एखादा संघ सात गडी उभे करणार नाही, त्या वर्षी त्याचं नाव यादीतून खोडायचं. खोडलेलं नाव परत घेत नाहीत, कारण शहरातले दोन-तीन नवे संघ त्या जागेवर टपून असतात. आणि खोडायचं काम त्या सामन्याच्या रेफरीचं.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की "मोजून घ्या" ह्याच्यात काय काय होतं.

पहिल्यांदा तो माझ्यासमोर आला तेव्हा विशीतला होता. काटक, काळासावळा, धनगराच्या घरचा. घरी शेळ्या आणि थोडी मेंढरं होती, म्हणून ऊसतोडीला जावं लागत नव्हतं. मी रांगेपुढे येऊन हुकूम सोडला, "तळवे दाखवा." त्याने दाखवले. बूट नव्हतेच. टाचेला बोट जाईल एवढ्या भेगा होत्या.

"बूट कुठायत?"

"न्हाईत सर. पाय बगा. खिळा न्हाई, काटा हाय, त्यो बी जुना हाय."

मी त्याला बाहेर काढणार होतो. अनवाणी खेळू द्यायचं नाही असा नियम आहे आणि मी तेव्हा नवा, नियमाचा पक्का. मग मी बाकीचे मोजले. सहा होते. तो आपल्या जागी तसाच उभा होता. शेवटी समोरच्या संघातल्या बाकावरच्या एकाचे बूट मागून त्याला घातले. दोन मापांनी मोठे होते. त्यात त्याने चिंध्या कोंबल्या आणि सबंध सामनाभर तो फटफट आवाज करत पळाला. समोरच्या फॉरवर्डला एकदाही पुढे जाऊ दिलं नाही. संघ सातजणांनिशी पाच गोलांनी हरला, पण ते पाचही गोल डावीकडून झाले होते.

पुढच्या वर्षी त्याचे स्वतःचे बूट होते. तेच बूट त्याने इतकी वर्षं वापरले की तळ तीनदा बदलला. शेवटचा तळ चांभाराने टायरचा बसवला होता. त्याच्यावर मोटारीच्या टायरची नक्षी दिसायची. मी विचारलं तर म्हणाला, "घसरत न्हाई सर. ट्रक घसरतो का?"

आता त्या सातांविषयी सांगतो. गावात जानेवारीत जे उरतात त्यांतून त्याला सात वेचायचे असायचे. पिठाच्या गिरणीवाला असायचा, कारण गिरणी बंद ठेवता येत नाही म्हणून तो गाव सोडत नाही. न्हावी असायचा. ग्रामपंचायतीचा शिपाई असायचा, तो ऑफिसच्या किल्ल्या खिशात घेऊन पळायचा आणि प्रत्येक हेडरला खुळखुळायचा. मी शिट्टी वाजवून त्याला किल्ल्या बाहेर ठेवायला लावल्या तर म्हणाला, "सरपंचानं कुणाला देऊ नको म्हणलंय." मग त्या किल्ल्या सामना संपेपर्यंत माझ्या गळ्यात राहिल्या. एखाद्या वर्षी कुणाची बायको बाळंत झाली असली तर तो ऊसतोडीला उशिरा जायचा. दोन नंबर पावसाळ्यापासूनच कुणाच्या घरात केव्हा पाळणा हलणार ह्याची चौकशी ठेवायचा. बाया त्याच्या अंगावर ओरडायच्या. तो म्हणायचा, "जानेवारीत बगा की वहिनी, जमलं तर."

असे सातजण काळीपिवळी जीपमधून परभणीला यायचे, हरायचे आणि परत जायचे. माझ्या आठवणीत त्यांनी जानेवारीत तीन सामने जिंकले. त्यांतला एक समोरचा संघ लग्नाला गेला म्हणून. एकच वर्ष उपांत्य फेरी गाठली, त्या वर्षी ऊस उशिरा सुरू झाला होता.

एक वर्ष तो सात घेऊन आला. मी बूट बघत बघत शेवटच्यापर्यंत गेलो. शेवटचा गडी दांडगा होता, नव्या चेहऱ्याचा. मी वहीत लिहायला म्हणून नाव विचारलं. त्याने सांगितलं. आडनाव गावातलंच वाटत होतं, माझ्या मनात काही आलं नाही. तेवढ्यात दोन नंबर रांगेतून बाहेर आला.

"सर, ह्यो आमच्या गावचा न्हाई. माझा मेव्हना हाय, पोखर्णीचा. ह्याला मोजू नका."

मी म्हटलं, "मग आणलास कशाला?"

"आनला व्हता खेळवायला. पर तुमी लिवायला लागल्यावर जमंना."

गावाबाहेरचा गडी चालत नाही हा नियम होता, पण तो कुणी पाळत नव्हतं. शहरातले संघ तर सरळ भाड्याने गडी आणायचे. मी काही म्हणणार नव्हतो. मेव्हणा बिचारा लाल झाला. बायकोच्या भावाला सगळ्यांदेखत बाहेर काढल्यावर घरी काय झालं असेल ते त्याचं तोच जाणे. मी म्हटलं, "अरे, आता सहा झाले. पंधरा मिनिटं थांबतो, पुढे मी काही करू शकत नाही."

दोन नंबर प्रेक्षकांत गेला. तिथे त्यांच्या क्लबचा अध्यक्ष बसला होता, साठी उलटलेला, धोतर-टोपीतला म्हातारा, पाण्याची कळशी सांभाळायला आलेला. त्याला हाताला धरून घेऊन आला. म्हाताऱ्याने धोतर वर खोचलं, मेव्हण्याचा सदरा घातला आणि मैदानाच्या एका कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. चेंडू जवळ आला की तो बाजूला व्हायचा. एकदा मात्र चेंडू सरळ त्याच्या टोपीवर बसला आणि टोपी गोलात गेली. मी गोल दिला नाही. त्यावर म्हातारा मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

सामना संपल्यावर मी दोन नंबरला म्हटलं, "मी मेव्हण्याला खेळू दिलं असतं."

"म्हाईत हाय सर," तो म्हणाला. "पर मोजनी खोटी न्हाई करायची. एकदा खोटी केली की मंग दर साली खोटीच करावी लागती."

हे बोलताना त्याच्या चेहऱ्यावर मोठं काही सांगितल्याचा भाव नव्हता. तो बुटांतली माती झटकत होता.

त्याच्या खेळाविषयी मी फारसं लिहिलं नाही, कारण लिहून दाखवता येत नाही. बॅकचा खेळ कुणाला दिसत नाही. गोल करणाऱ्याला लोक उचलून घेतात. चेंडू कुठे येणार हे आधीच ओळखून तिथे जाऊन उभ्या राहणाऱ्याला वाटतं तेवढं पळावंही लागत नाही, मग लोकांना वाटतं तो काही करतच नाही. मेंढरं वळायची सवय असेल. कळपातलं कोणतं जनावर फुटणार हे त्याला पाठीवरून कळायचं. मला विचाराल तर, मी इतकी वर्षं जे खेळाडू जवळून बघितले त्यांत त्याच्यासारखा बॅक दुसरा नाही. हे मी त्याला तोंडावर कधी सांगितलं नाही. रेफरीने सांगायचं नसतं असं मी मानत होतो.

दुसऱ्यांना मात्र सांगितलं होतं. तो पंचविशीत असताना औरंगाबादेतल्या एका खात्याच्या संघाला उजवा बॅक हवा होता. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी, राहायला क्वार्टर, पुढे पेन्शन. मी त्या लोकांना दोनदा भेटलो, त्यांचा माणूस परभणीला आणून त्याचा खेळ दाखवला, आणि कागद घेऊन स्वतः त्याच्या गावी गेलो. तो शेळ्या घेऊन मैदानावर होता. गावातलं मैदान शेळ्याच कापतात. बाभळीच्या खोडांचे गोलपोस्ट, वरची आडवी बल्ली अर्धी वीत वाकलेली. मी एकदा टेपने मोजून तक्रार केली होती तर म्हणाला होता, "झाडच वाकडं व्हतं सर."

घरी नेलं. त्याच्या बायकोने शेळीच्या दुधाचा चहा केला. मी कागद वाचून दाखवला. ती दारात उभी राहून ऐकत होती. क्वार्टरला नळ आहे का, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, आहे. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

त्याने कागदाची घडी घालून माझ्याकडे परत दिला. मग म्हणाला, "लय मेहनत घेतलाव सर तुमी. पर मी गेलो तर सहाच राहतेत."

मला राग आला. इतका राग मला मैदानावर सुद्धा कधी आला नाही. मी म्हटलं, "गाढवा, तुझा संघ हरायलाच येतो. तू नसलास तर दुसरं कुणी हरेल. तुझ्या लेकरांचा विचार कर."

"हरायला सुद्धा सात लागतेत की सर."

मी चहा अर्धा ठेवून उठलो. ते मला आता बरं वाटत नाही. ती बाई चहाचा कप बघत राहिली होती. ती जागा गंगाखेडच्या एका पोराला मिळाली. तो पुढे साहेब झाला.

त्यानंतर दोन-तीन वर्षं मी त्याच्याशी कामापुरतं बोलायचो. तो मात्र तसाच वळायचा, तसाच पाय उचलायचा. माझा राग गेला तो हळूहळू. माझ्या बदल्या झाल्या, जिंतूरला गेलो, पाथरीला गेलो, परत परभणीला आलो. ज्या गावात जन्मलो तिथे माझं आता घरही नाही. आणि दर जानेवारीत हा माणूस त्याच जीपमधून उतरायचा, त्याच गावाच्या नावाचा सदरा घालून. सदऱ्याचा रंग उडून निळ्याचा राखाडी झाला होता. त्याला पाहिलं की मला थकवाही यायचा आणि बरंही वाटायचं. दोन्ही एकदम कसं, ते मला सांगता येत नाही.

चाळिशी ओलांडल्यावर एकदा त्याने स्वतःच तो विषय काढला. सामना हरून झाला होता, जीप यायची होती, आम्ही दोघं मैदानावर रेघा मारायच्या फक्कीच्या पोत्यावर बसलो होतो. तो पोटऱ्या दाबत होता.

"सर, तवा गेलो असतो तर बरं झालं असतं का वो?"

त्याच्या पोराने नुकतीच शाळा सोडली होती आणि तो कोयता घ्यायला निघाला होता, हे मला माहीत होतं. बरं झालं असतं हे उघड होतं. एवढं मात्र मला माझ्या तोंडाने म्हणवेना.

"नळ व्हता म्हनं," तो म्हणाला. "ती अजून कवा कवा काढती."

मग जीप आली. तो उठला आणि सवयीने आपले सहाजण मोजून आत बसवले.

आता गेल्या वर्षाच्या सामन्याचं सांगतो. सांगायला जड जातं, पण त्याच्याशिवाय हे पुरं होणार नाही.

तो पन्नाशीला आला होता. पोक आलं होतं, दाढी पांढरी झाली होती. संघ नेहमीप्रमाणे सात. त्याने पाय उचलून दाखवला तेव्हा तोल जाऊन माझ्या खांद्याला धरलं. "मोजून घ्या सर, भरतेत." समोर शहरातला तरणा संघ होता, गॅरेजांत काम करणारी पोरं, वाऱ्यासारखी पळणारी. पहिल्या अर्ध्यात चार गोल झाले.

दुसऱ्या अर्ध्यात एका पोराच्या पायातला चेंडू काढून घेताना दोन नंबरचा गुडघा फिरला. आवाज मला ऐकू आला. मी शिट्टी वाजवली. तो उताणा पडला होता, ओठ दाताखाली धरलेला. गुडघा बघता बघता सुजला. रेफरीने अशा वेळी काय करायचं ते नियमात स्वच्छ लिहिलेलं आहे. गडी गंभीर जखमी असेल तर त्याला मैदानाबाहेर पाठवायचं. मी म्हटलं, "चल, बाहेर घेऊ तुला."

"न्हाई."

"अरे, पायाची काय दशा झाली ते बघ."

"बाहेर गेलो की सहा व्हतेत सर." त्याने माझी पँट धरली. "मला गोलाच्या डांबाला उभं करा. मैदानातच राहतो. नियमात पळावंच लागतं असं लिवलंय का?"

असं लिहिलेलं नाही. मी घड्याळ पाहिलं. पंचवीस मिनिटं बाकी होती. आणि मी, ज्याने अनवाणी पोराला नियमावर बोट ठेवून बाहेर काढायला घेतलं होतं, त्याने मान हलवली. गिरणीवाला आणि न्हावी यांनी त्याला उचलून गोलपोस्टाला टेकवून उभं केलं. दोन्ही हातांनी डांब धरून तो एका पायावर उभा राहिला.

समोरच्या पोरांना आधी हसू आलं. मग त्यांच्या कॅप्टनने त्याचा चेहरा पाहिला आणि आपल्या पोरांवर ओरडला, "उधर से मत मारो रे! काका खड़े हैं!" त्यानंतर सामना संपेपर्यंत त्या पोरांनी चेंडू दुसऱ्याच बाजूला खेळवला. त्यांना आणखी चार गोल सहज करता आले असते. एकही केला नाही. मी शेवटची शिट्टी वाजवली तेव्हा माझ्या घड्याळात चार मिनिटं शिल्लक होती. आयुष्यात तेवढीच एक शिट्टी मी वेळेआधी वाजवली. कुणी हरकत घेतली नाही.

मी त्याच्याजवळ गेलो. त्याची बोटं डांबावरून सोडवावी लागली. तो म्हणाला, "राह्यलं ना सर नाव?"

"राहिलं."

"मंग झालं."

ते झालं नव्हतं. गुडघा बरा झाला नाही. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं, ते झालं नाही. शेळ्यांमागे चालणं बंद झालं, म्हणून शेळ्या एकेक करून विकल्या गेल्या. दिवाळीत पोरगा आणि सून ऊसतोडीला निघाले, त्यांचं लेकरू लहान. उसाच्या फडात दिवसभर पाचटाच्या कोपीत बसून त्याला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. दोन नंबरच्या बायकोच्या हातात कोयता धरायची ताकद अजून होती, त्याच्या पायात नव्हती. म्हणून ती तोडायला गेली आणि तो लेकरू सांभाळायला. नळाच्या क्वार्टरसाठी जो गाव सोडून गेला नाही, तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कोल्हापूरकडे गेला. हे मला गिरणीवाल्याने सांगितलं. ऐकून मी घरी आलो. त्या दिवशी मी नियमाप्रमाणे त्याला बाहेर काढलं असतं तर नाव गेलं असतं, पण गुडघा कदाचित राहिला असता. असं मी स्वतःशी पुष्कळदा मांडून पाहिलं. मांडून काही निघत नाही.

ह्या खेपेच्या तारखा ठरवायच्या बैठकीत मी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, एक वर्ष स्पर्धा जुलैत घ्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "सर, तेव्हा चिखल असतो." चहा आला.

जानेवारीत सामन्याच्या दिवशी सकाळी काळीपिवळी जीप आली. गिरणीवाला उतरला, न्हावी उतरला, शिपाई उतरला आणि आल्या आल्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. आणखी तिघे उतरले. मग ड्रायव्हरने दार लावलं. मी रांगेपुढे गेलो. एकेकाने पाय वर केला, कुणी वळलं नाही. मी डावीकडून मोजलं. सहा.

"एक जन येनार व्हता सर," गिरणीवाला म्हणाला. "त्याची तार लागंना. फोन बंद यायलाय."

मी म्हटलं, पंधरा मिनिटं थांबू. समोरचा संघ आपल्या जागांवर जाऊन उभा राहिला. हे सहाही जाऊन उभे राहिले, कारण रांगेत उभं राहून करणार काय. उजव्या बॅकची जागा मोकळी होती. स्पर्धेच्या टेबलावर बसलेला माणूस हाताने घड्याळ दाखवत होता. मी मैदानाच्या मधोमध उभा होतो आणि सगळे गेटाकडे बघत होते. तेरा मिनिटं झाली असतील, तेव्हा माझा फोन वाजला.

"सर, मी बोलायलोय." मागे लेकरू रडत होतं, ट्रॅक्टर सुरू होता. "बाकीच्यांचे फोन उचलंनात. उतरलेत न्हवं मैदानात?"

"उतरलेत."

"मोजलाव का सर?"

मी गेटाकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

"मोजले," मी म्हणालो. "भरले."

"सात?"

"सात."

त्याने श्वास सोडलेला मला ऐकू आला. मग म्हणाला, "मंग थांबलाव कामून? सुरू करा की. वाजवा, मला बी ऐकू द्या."

फोन मी हाताएवढा लांब धरला आणि दुसऱ्या हाताने शिट्टी तोंडात घालून वाजवली. लांब, पूर्ण दम लागेपर्यंत, सुरुवातीची वाजवतात तशी. फोन परत कानाला लावला.

"हां," तो म्हणाला. "वाजली." आणि लेकराला म्हणाला, "उगी रे, उगी. आपला खेळ सुरू झाला बग." मग ट्रॅक्टरचा आवाज वाढला आणि फोन बंद झाला.

गावी फोन केला की संध्याकाळपर्यंत त्याला सगळं कळणार होतं. मोजणी खोटी करायची नाही, हे मला शिकवणाऱ्याशीच मी खोटं बोललो होतो. टेबलावरचा माणूस नाव खोडायची यादी घेऊन माझ्याकडे येत होता. मी खिशातून पेन काढलं. शिट्टी वाजली होती म्हणून ते सगळे आपापल्या जागी वाकून, तयारीत उभे होते आणि चेंडू मधल्या ठिपक्यावर तसाच होता.

मी पुन्हा एकदा मोजलं, ह्या खेपेला उजवीकडून. सहाच भरले.